प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी: सरावाचा इतिहास

प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी हा खेळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ भागात, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचे, निरनिराळ्या अंतरांवरच्या लक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या, मध्येच मॅगझिन बदलायचे, एका आडोशामागून दुसऱ्या आडोशामागे धावायचे, आणि हे सारे घड्याळ चालू असताना, असे त्याचे स्वरूप. ऑलिंपिकच्या नेमबाजीत अंतर, लक्ष्य आणि गोळ्यांची संख्या वर्षानुवर्षे तीच राहते. इथे प्रत्येक स्पर्धेची मांडणी नवी असते. त्यामुळे अशा स्पर्धेची तयारी नेमकी कशी करायची, हा प्रश्न पहिल्यापासून वादाचा राहिला. त्याचे उत्तर दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेले, आणि ते बदलण्यात गुरूंच्या शिकवणीपेक्षा नियमपुस्तकाचा वाटा मोठा होता. ज्या गोष्टीला गुण मिळू लागले तिचा सराव वाढला; गुण गेले की सरावही गेला.

या खेळाच्या आधी अमेरिकेत पिस्तूल नेमबाजी म्हणजे ‘बुल्सआय’. नेमबाज लक्ष्याकडे बाजू करून उभा राही, एक हात लांब करी आणि २५ किंवा ५० यार्डांवरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरी. त्यातला सर्वांत वेगवान भाग म्हणजे १० सेकंदांत पाच गोळ्या. सरावाचा भर श्वास, मनगट आणि चाप हळूहळू दाबण्याची कला यांवर असे. सैन्य आणि पोलीस यांनाही बहुधा हेच शिकवले जाई. प्रत्यक्ष चकमकीत त्याचा उपयोग किती, याची शंका अनेकांना होती. शांघाय महापालिकेच्या पोलीस दलातल्या विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यावर वेगळा उपाय काढला. अंधारे जिने, अरुंद खोल्या आणि अचानक पुढे येणारे पुतळे असलेल्या इमारतीतून ते शिपायांना फिरवत आणि नेम न धरता, अंगाच्या दिशेने पिस्तूल रोखून गोळी झाडायला शिकवत. त्यांचे यावरचे पुस्तक १९४२ साली आले आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांची पद्धत दोस्त राष्ट्रांच्या कमांडोंपर्यंत पोहोचली. पण तिथे स्पर्धा नव्हती, आणि म्हणून मोजमापही नव्हते. कोणाची पद्धत सरस हे ठरवायला अनुभवाच्या गोष्टींपलीकडे काही नव्हते.

मोजमापाचा ध्यास एका वेगळ्याच माणसाने घेतला होता. मोंटाना राज्यातल्या लुईस्टाउनचा एड मॅकगिव्हर्न हा रिव्हॉल्व्हरचे प्रयोग करणारा गृहस्थ. त्याने विजेवर चालणारी कालमापक यंत्रे तयार करून घेतली आणि १९३२ साली एका सेकंदाच्या निम्म्याहून कमी वेळात पाच गोळ्या झाडून त्या तळहाताएवढ्या जागेत बसवल्या. वेग ही दैवी देणगी नसून त्याचे तुकडे पाडता येतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा घटवता येतो, हे त्याच्या १९३८च्या पुस्तकाचे सार होते. पुढची चाळीस वर्षे ते पुस्तक कुतूहलाचा विषय म्हणूनच वाचले गेले. प्रत्येक गोळीची वेळ नोंदवणारा टायमर आल्यावर लोकांना त्याची खरी किंमत कळली.

१९५०च्या दशकात अमेरिकन दूरचित्रवाणीवर काउबॉय मालिकांचे पेव फुटले आणि त्याबरोबर ‘फास्ट ड्रॉ’चे वेड आले. हौशी मंडळी खालपर्यंत लोंबणारी होल्स्टर बांधून, कमरेपाशीच पिस्तूल रोखून, मेणाच्या किंवा नुसत्या आवाजाच्या काडतुसांवर आपला वेग आजमावत. जेफ कूपर हा मरीन दलातला माजी अधिकारी तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेक या गावी राहत होता. जन्म १९२०चा, स्टॅनफर्डचा पदवीधर, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर लढलेला, हाताशी लेखणी असलेला आणि मते ठाम असलेला. त्याने गावात ‘लेदरस्लॅप’ नावाची स्पर्धा भरवली. नियम साधे होते. सुमारे सात यार्डांवर फुगे, दोन नेमबाज समोरासमोरच्या झुंजीत, खरी काडतुसे, आणि ज्याचा फुगा आधी फुटेल तो जिंकला. कोणते पिस्तूल वापरायचे, कसे उभे राहायचे, एक हात की दोन, यावर बंधन नव्हते. हे मोकळेपण महत्त्वाचे ठरले.

सुरुवातीला सगळे कमरेपासूनच गोळी झाडत. वेग डोळे दिपवणारा असे आणि फुगा बहुतेक वेळा शाबूत राही. मग दुसरी, तिसरी गोळी. जॅक वीव्हर हा लॉस एंजेलिस काउंटीचा डेप्युटी शेरीफ या झुंजी हरून कंटाळला होता. त्याने वेगळा विचार केला. रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरून डोळ्यांसमोर आणायचे, क्षणभर माशी, म्हणजे नळीवरची पुढची नेमखूण, बघायची आणि एकच गोळी झाडायची. काही दशांश सेकंद उशीर होई, पण फुगा पहिल्याच गोळीत फुटे. १९५९ साली तो ही स्पर्धा जिंकला. पुढच्या काही मोसमांत बाकीच्यांनीही दोन हातांची पकड उचलली. कूपरने त्या पवित्र्याला वीव्हरचे नाव देऊन लेखांतून सर्वदूर पोहोचवले. पुढचा हात ढकलतो, मागचा हात ओढतो, कोपरे वाकलेली, शरीर किंचित तिरके, असे त्याचे वर्णन पाठ्यक्रमांत स्थिरावले. वीव्हरने स्वतः मात्र त्यामागे सिद्धांत उभारला नव्हता. त्याला फक्त जिंकायचे होते.

लेदरस्लॅपमधून नियमित स्पर्धा सुरू झाल्या आणि त्या मंडळींची साउथवेस्ट कॉम्बॅट पिस्तूल लीग उभी राहिली. वीव्हर, रे चॅपमन, एल्डन कार्ल, थेल रीड, जॉन प्लान आणि खुद्द कूपर हे तिचे आरंभीचे सहा बिनीचे नेमबाज. तिथे एक तत्त्व कटाक्षाने पाळले जाई: मांडणी सतत बदलायची. एकच प्रकार पुन्हा पुन्हा आला तर माणूस तो घोकून ठेवील, आणि मग पिस्तूल चालवण्याऐवजी तेवढा प्रकारच शिकेल, अशी कूपरची धास्ती होती. तिच्यात तथ्य होते हे पुढे दिसून आले.

याच काळात त्याने आपल्या पद्धतीला ‘मॉडर्न टेक्निक’ म्हणून बांधले. मोठ्या व्यासाचे पिस्तूल, वीव्हर पवित्रा, होल्स्टरमधून पिस्तूल डोळ्यांपर्यंत आणण्याची ठरावीक पायऱ्यांची हालचाल, नेमाचे ओझरते दर्शन आणि चाप न झटकता दाबणे, असे तिचे घटक. १९७६ साली ॲरिझोना राज्यात पॉल्डनजवळ त्याने अमेरिकन पिस्तूल इन्स्टिट्यूट काढली; ती ‘गनसाइट’ नावाने ओळखली जाते. तोपर्यंत पिस्तूल शिकायचे तर सैन्यात किंवा पोलिसांत जावे लागे, नाहीतर क्लबातल्या कुणा जाणत्याचे बोट धरावे लागे. फी भरून, वेळापत्रकानुसार, पायरीपायरीने शिकण्याची सोय सामान्य नागरिकाला इथे झाली. कूपरच्या नावावर असलेली ‘एल प्रेसिडेंते’ ही कसोटी आजही सरावात आहे. लॅटिन अमेरिकेतल्या एका राष्ट्राध्यक्षाच्या अंगरक्षकांना शिकवताना ती तयार झाली असे सांगतात. नेमबाज लक्ष्यांकडे पाठ करून उभा राहतो. इशारा होताच वळतो, दहा मीटरवरच्या तीन लक्ष्यांवर प्रत्येकी दोन गोळ्या झाडतो, मॅगझिन बदलतो आणि पुन्हा प्रत्येकी दोन. कूपरच्या काळी हे सारे नीट नेमासह दहा सेकंदांत जमले तर तो मुरलेला समजला जाई. आज वरच्या वर्गातले नेमबाज ते त्याच्या निम्म्या वेळात करतात. या निम्म्यामागे जे काही घडले, तो या खेळाच्या सरावाचा इतिहास आहे.

संघटनेच्या बाबतीत गंमत अशी की जागतिक अजिंक्यपद आधी आले आणि संस्था मागाहून. १९७५ साली झुरिकमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि चॅपमन विजेता झाला. मे १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या कोलंबिया शहरी निरनिराळ्या देशांतली मंडळी जमली आणि तिथे इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, म्हणजे आयपीएससी, स्थापन झाली. कूपर पहिला अध्यक्ष. अचूकता, शक्ती आणि वेग या तिन्हींचा तोल हे लॅटिन ब्रीदवाक्य संस्थेने घेतले. ब्रीदवाक्ये बहुतेक संस्थांत भिंतीवरच राहतात. इथे ते गुणांकनाच्या सूत्रात उतरले, आणि सरावाची दिशा त्याने ठरवली.

पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर मधल्या ‘ए’ भागाला ५ गुण असतात. ‘सी’ आणि ‘डी’ भागांचे गुण मात्र काडतुसाच्या जोरावर अवलंबून: जोरदार म्हणजे ‘मेजर’ काडतुसाला ४ आणि २, तर हलक्या ‘मायनर’ काडतुसाला ३ आणि १. पूर्वी हा जोर लंबकावर गोळी झाडून, तो किती झुलतो यावरून मोजत. पुढे गोळीचा वेग मोजणारे क्रोनोग्राफ यंत्र आले आणि हिशेब आकड्यात आला. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांत, दोहोंचा गुणाकार भागिले हजार. २३० ग्रेनची .४५ गोळी ७४० फुटांनी गेली तर १७०.२, १२४ ग्रेनची ९ मि.मी. गोळी १०१० फुटांनी गेली तर १२५.२. मायनरची किमान मर्यादा १२५ आहे. मेजरची मर्यादा विभागानुसार आणि काळानुसार खाली येत गेली. आयपीएससीच्या ‘स्टँडर्ड’ विभागात ती आता १७० आहे.

वेगाचा हिशेब त्याहून चतुर. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद; या भागाकाराला ‘हिट फॅक्टर’ म्हणतात. बारा गोळ्यांची एक मांडणी घेऊ. पहिल्या नेमबाजाने बाराही गोळ्या ‘ए’मध्ये मारल्या आणि ६ सेकंद घेतले: ६० भागिले ६, म्हणजे १०. दुसऱ्याच्या नऊ ‘ए’त, तीन ‘सी’त, मेजर काडतूस आणि वेळ ५.२ सेकंद: ५७ भागिले ५.२, म्हणजे १०.९६. दुसरा पुढे. तिसऱ्याने ५ सेकंदांत अकरा ‘ए’ मारले आणि एक गोळी चुकवली. चुकलेल्या गोळीचे १० गुण वजा होतात, तेव्हा ४५ भागिले ५, म्हणजे ९, आणि तो शेवटचा. थोडी ढिलाई परवडते, चूक परवडत नाही, आणि नको तितका जपून वागणाराही मागे पडतो, हे नेमबाजाला कुणी सांगावे लागत नाही. रोजच्या सरावातले आकडेच त्याला ते दाखवतात. बुल्सआयवाल्याला असा प्रश्नच पडत नसे की ही गोळी किती नीट मारायची आहे. इथे प्रत्येक गोळीला तो पडतो.

या प्रश्नाला नव्याने भिडणारी पिढी १९८०च्या सुमारास आली. ॲरिझोनातले रॉब लेथम आणि ब्रायन एनोस हे दोन तरुण मित्र तिचे अग्रणी. त्यांनी वीव्हर पवित्रा सोडला. दोन्ही हात सारखे पुढे, छाती लक्ष्याकडे, गुडघे किंचित वाकलेले. वरून पाहिले तर हातांचा आणि छातीचा समद्विभुज त्रिकोण. जुन्या गुरूंना हे मागे जाणे वाटले, कारण वीव्हर पवित्र्यात स्नायूंच्या ओढाताणीने धक्का दाबला जातो. नव्यांचा अनुभव असा की धक्का दाबण्याची गरजच नाही. पकड स्थिर असेल तर पिस्तूल उसळून आपोआप जागेवर येते. नेमबाजाने फक्त मध्ये पडू नये. शिवाय लक्ष्य डावीकडे असो की उजवीकडे, कमरेपासून वळले की काम होते. वाद मासिकांतून बराच चालला. निकाल मैदानात लागला: लेथमने १९८३, १९८६ आणि १९८८ अशा सलग तीन जागतिक स्पर्धा जिंकल्या. एनोसने १९९०च्या आपल्या पुस्तकात याच्याही पुढचा मुद्दा मांडला. प्रत्येक गोळीला सारखाच काटेकोर नेम लागत नाही. तीन मीटरवरच्या लक्ष्याला पिस्तुलाची बाह्याकृती दिसली तरी पुरते, पंचवीस मीटरवर माशी आणि खाच दोन्ही स्वच्छ दिसायला हवीत. सरावात हात जितके घडवायचे तितकेच डोळेही घडवायचे, म्हणजे गोळी सुटतानाच ती कुठे लागणार हे कळते आणि लक्ष्याकडे पुन्हा पाहावे लागत नाही. या पुस्तकाने खेळाची परिभाषाच बदलली.

नेमबाजांबरोबर पिस्तूलही बदलत होते, आणि इथे नियमाने आपल्याच हेतूवर मात केली. मेजरची अट घातली होती ती जड .४५ काडतुसाला मान मिळावा म्हणून. पण सूत्रात वजन आणि वेग यांचा गुणाकार होता. १२४ ग्रेनची बारीक .३८ सुपर गोळी १४०० फुटांनी मारली की १७३.६ येतात. १७०ची मर्यादा धरली तर ती मेजर ठरते, वर मॅगझिनमध्ये काडतुसे जास्त मावतात. १९८०च्या दशकात नळीच्या तोंडाला कॉम्पेन्सेटर लावण्याची पद्धत रुळली. त्याच्या खाचांतून वायू वर फेकला जातो आणि नळीचे तोंड खाली दाबले जाते. जास्त दारू जाळणाऱ्या .३८ सुपरला हे साधन .४५पेक्षा अधिक मानवते. काही उत्साही मंडळींनी दारू इतकी वाढवली की पुंगळ्या फुटू लागल्या. मग पुंगळीला खालून पूर्ण आधार देणाऱ्या नळ्या आल्या. १९९० साली ॲडलेडच्या जागतिक स्पर्धेत डग केनिग पिस्तुलावर लाल ठिपक्याचे साधन बसवून उतरला आणि जिंकला. माशी बघायची की लक्ष्य, हा जुना पेच त्या साधनाने मिटवला: नजर लक्ष्यावरच ठेवायची, ठिपका तिथे येऊन बसतो. पण होल्स्टरमधून काढल्यावर ठिपका काचेत सापडत नाही ही नवी अडचण आली, आणि तो पहिल्याच हालचालीत दिसावा यासाठी वेगळा सराव सुरू झाला.

या सगळ्यापेक्षा मोठी क्रांती, आजच्या नजरेने पाहिले तर, दोन साध्या यंत्रांनी केली. पहिले यंत्र म्हणजे इलेक्ट्रॉनिक शॉट टायमर. १९८०च्या आधी पंच शिट्टी फुंके आणि हातातले घड्याळ दाबे. टायमर ‘बीप’ करतो आणि प्रत्येक गोळीचा आवाज ऐकून तिची वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत नोंदवतो. पिस्तूल बाहेर काढून पहिली गोळी किती वेळात, दोन गोळ्यांमधले अंतर किती, एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जायला किती, मॅगझिन बदलायला किती, हे सारे वेगवेगळे कळू लागले. मॅकगिव्हर्नला ज्यासाठी खोलीभर यंत्रणा लागे, ते पट्ट्याला अडकवता येऊ लागले. दुसरे यंत्र म्हणजे काडतुसे भरण्याचा प्रोग्रेसिव्ह प्रेस. ॲरिझोनातल्या माइक डिलनच्या कंपनीने असे प्रेस हौशी माणसाच्या आवाक्यात आणले. दांडा एकदा ओढला की एक काडतूस तयार, तासाला काहीशे. वापरलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, त्यांत नवा प्रायमर, मोजकी दारू आणि गोळी बसवायची. विकतच्या काडतुसांच्या भावात ज्याला वर्षाकाठी थोडाच सराव परवडत असे, त्याला आता हजारोंनी गोळ्या झाडता येऊ लागल्या.

तरीही अव्वल नेमबाजांची सर्वाधिक मेहनत गोळीशिवाय होते. रिकाम्या पिस्तुलाने घरात करायच्या या सरावाला सगळीकडे ‘ड्राय फायर’ म्हणतात. शिस्त कडक असते: काडतुसे खोलीबाहेर, पिस्तूल आणि प्रत्येक मॅगझिन पुन्हा पुन्हा तपासलेले, समोर गोळी अडेल अशी भिंत. भिंतीवर लक्ष्याच्या छोट्या प्रतिकृती चिकटवतात. दहा मीटरवरचे लक्ष्य तीन मीटरवरून तेवढेच दिसेल अशा मापाच्या. टायमरला ठरावीक वेळ लावून ठेवतात. पहिला बीप वाजला की पिस्तूल काढायचे आणि दुसरा वाजण्याआधी नेम धरून चाप दाबायचा. दीड सेकंदात सहज जमले की १.४, मग १.३. हात घाईत पकड चुकवू लागला की तिथे थांबून पकडच तेवढी घटवायची. कुणी पिस्तूल काढण्याचा, कुणी मॅगझिन बदलण्याचा, कुणी एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे नजर नेण्याचा भाग वेगळा काढून घोटतो. गवई रियाजात पलटे घोटतो, तसे हे काम रोज थोडे थोडे करायचे असते. रेंजवर गेल्यावर मग फक्त धक्क्याखाली काय होते तेवढे तपासायचे.

मनाच्या तयारीचा धडा मात्र बुल्सआयच्याच घराण्यातून आला. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रायफलचे सुवर्ण जिंकणारा लॅनी बॅशम याला चार वर्षे आधी म्युनिकमध्ये रौप्यावर समाधान मानावे लागले होते. त्या अपयशानंतर त्याने विजेत्यांना गाठून त्यांच्या विचार करण्याच्या सवयी टिपल्या आणि त्यांची एक शिकवण बांधली. डोळे मिटून संपूर्ण कामगिरी आधी मनात पाहणे, प्रत्येक गोळीपूर्वी तोच ठरलेला मानसिक क्रम, चुकीवर न रेंगाळणे. प्रॅक्टिकल नेमबाजांनी ती उचलली, कारण त्यांना तिची गरज रायफलवाल्यांहून जास्त होती.

ती का, हे स्पर्धेच्या दिवशी दिसते. मोठ्या मांडणीत ३२पर्यंत गोळ्या लागतात. लक्ष्ये भिंतींमागे, खिडक्यांतून, काही हलणारी, काहींपुढे गोळी लागू द्यायची नाही असे ‘नो-शूट’ पुठ्ठे. कोणत्या क्रमाने जायचे हे नेमबाजाने ठरवायचे. तुकडीला मांडणी पाहायला काही मिनिटे मिळतात आणि त्या वेळी नवख्याला विचित्र वाटेल असे दृश्य असते. दहा-बारा प्रौढ माणसे रिकामे हात पुढे धरून, बोटाने नेम धरत, ओठांत आकडे मोजत एकमेकांना वळसे घालत फिरतात. ‘इथून चार, खिडकीत दोन, चालता चालता मॅगझिन, कोपऱ्यावर लोखंडी पाडायचे, मग मागचे दोन.’ जुना गडी पाऊल कुठे पडेल तेही ठरवतो आणि जमिनीवर खूण म्हणून एखादा खडा हेरून ठेवतो. मग बाजूला जाऊन डोळे मिटतो आणि तेच पुन्हा पाहतो, दहा वेळा, वीस वेळा. पुकारा झाला की पंचाचे ठरलेले शब्द: ‘लोड अँड मेक रेडी’, ‘आर यू रेडी’, ‘स्टँड बाय’. त्यानंतर एक ते चार सेकंदांत बीप. बीपनंतर विचार करायला जागा उरत नाही. योजना पाठ नसेल तर नेमबाज मध्येच थबकतो, आणि अशा एका थबकण्यात महिन्याभराच्या सरावाने कमावलेले दशांश वाहून जातात.

सुरक्षेचे नियमही सरावातच अंगी बाणवावे लागतात. पिस्तुलाला ठरलेल्या सुरक्षा कोपऱ्याबाहेर, पंचाच्या आज्ञेशिवाय, हात लावायचा नाही; त्या कोपऱ्यात काडतुसाला हात लावायचा नाही. पळताना आणि मॅगझिन बदलताना बोट चापाबाहेर. नळीचे तोंड लक्ष्यांच्या दिशेपासून ९० अंशांपलीकडे वळले, किंवा पिस्तूल हातातून पडले, तर नेमबाज संपूर्ण स्पर्धेतून बाद. जागतिक विजेत्यालाही सूट नाही. पिस्तूल उजव्या हातात धरणाऱ्याने डावीकडे पळताना मॅगझिन बदलणे हे म्हणूनच धोक्याचे कलम, आणि चांगले प्रशिक्षक नवशिक्याकडून ते सर्वांत आधी घटवून घेतात.

खेळ वाढला तसे त्याचे फाटे फुटले. १९७९ साली चॅपमन आणि होल्स्टर बनवणारा जॉन बियांकी यांनी मिझुरीतल्या कोलंबियात बियांकी कप सुरू केला. १९८१ साली कॅलिफोर्नियात माइक डाल्टन आणि माइक फिचमन यांनी लोखंडी तबकड्यांचा स्टील चॅलेंज काढला. दोन्हींत मांडण्या कायमच्या ठरलेल्या. कूपरला ज्याची धास्ती होती तेच इथे गुण ठरले. माणसे मांडणी घरच्या रेंजवर उभारून ती अक्षरशः गिरवू लागली, आणि १९९० साली केनिगने बियांकी कपात १९२०पैकी १९२० गुण मिळवले. अमेरिकेतल्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे १९८४ साली नोंदलेल्या यूएसपीएसएने, ठरीव ‘क्लासिफायर’ मांडण्यांवरून नेमबाजांचे वर्ग पाडले: ‘डी’पासून ग्रँडमास्टरपर्यंत, आणि ग्रँडमास्टरला ९५ टक्के हवेत. वर्गवारीमुळे सामान्य माणसाला आपल्या प्रगतीचा आकडा मिळाला. त्याचबरोबर क्लासिफायरच तेवढे घोकणारी जातही निर्माण झाली.

कूपर तोवर या खेळावर रुसला होता. ठिपक्याची काच आणि कॉम्पेन्सेटर लावलेले पिस्तूल कोण रोज कमरेला बांधून फिरणार, हा त्याचा सवाल होता, आणि २००६ साली मृत्यू होईपर्यंत त्याने तो सोडला नाही. तो एकटा नव्हता. १९९६ साली बिल विल्सन, केन हॅकथॉर्न आणि इतर काहींनी आयडीपीए ही वेगळी संस्था काढली. तिथे पिस्तूल अंगरख्याखाली झाकून ठेवायचे, आडोसा वापरायचा आणि गमावलेल्या प्रत्येक गुणामागे वेळ वाढवायची. आयपीएससीनेही पुढे ‘प्रॉडक्शन’ विभाग आणून साध्या, कारखान्यातून आलेल्या पिस्तुलांना मानाची जागा दिली. ‘हे युद्धाचे शिक्षण की निव्वळ खेळ’ हा वाद मिटलेला नाही. मात्र अनेक देशांची विशेष दले पिस्तूल शिकायला स्पर्धक नेमबाजांना बोलावू लागली, हा कूपरच्या तक्रारीला मिळालेला बराच सबळ जबाब म्हणावा लागेल.

अमेरिकेबाहेर तयारीचा प्रश्न कायद्याशी बांधलेला आहे. फ्रान्सचा एरिक ग्रोफेल १९९९ साली फिलिपाइन्समधल्या सेबूत वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ठिपका आणि कॉम्पेन्सेटर चालणाऱ्या ‘ओपन’ विभागाचा जगज्जेता झाला आणि पुढे अनेक वर्षे त्या पदावर राहिला. त्यानंतर युरोपातल्या क्लबांकडे अमेरिकन मंडळी गांभीर्याने पाहू लागली. ब्रिटनची गोष्ट उलटी. १९९३ची जागतिक स्पर्धा बिझलीला झाली होती. तीन वर्षांनी डनब्लेनच्या शाळेत हत्याकांड घडले आणि १९९७च्या कायद्यांनी जवळपास सगळी पिस्तुले नागरिकांकडून काढून घेतली. तिथले प्रॅक्टिकल नेमबाज शॉटगनकडे वळले.

जपानमध्ये सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगताच येत नाही. तिथल्या तात्सुया साकाईने प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या एअरसॉफ्ट पिस्तुलावर घरी सराव केला, अमेरिकेत जाऊन खरे पिस्तूल हाती घेतले आणि २००४चा स्टील चॅलेंज जिंकला. पिस्तूल काढणे, नजर नेणे, चाप दाबणे यांतला फार मोठा भाग गोळीविना शिकता येतो, याचा इतका ठळक पुरावा दुसरा नाही. आयपीएससीने ‘ॲक्शन एअर’ ही स्वतंत्र शाखाच मान्य केली आणि २०१८ साली हाँगकाँगला तिची जागतिक स्पर्धा झाली.

भारतात या खेळाला मोठे पाठबळ मिळाले नाही. ९ मि.मी. हे आयपीएससीच्या मायनर काडतुसांतले सर्वांत रुळलेले काडतूस. पण शस्त्र कायद्यानुसार ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. भारतीय पिस्तूल नेमबाजी वाढली ती ऑलिंपिक पद्धतीच्या प्रकारांत, .२२ आणि .३२ काडतुसांवर. त्यातही वेगाची एक कसोटी आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकले, त्याच्या रॅपिड टप्प्यात हात ४५ अंशांवर खाली धरून उभे राहावे लागते. लक्ष्य तीन सेकंद खुले होते, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी, मग सात सेकंद थांबून पुन्हा. होल्स्टर नाही, धावणे नाही, मॅगझिन बदलण्याची घाई नाही.